एका सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडे : वेबजागेची वाटणी आणि फाइल-प्रवेशाच्या मर्यादा

मोहाडी (जि. भंडारा) : भंडारा-तुमसर मार्गावरील मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण. तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपंचायत अशी वेगवेगळ्या खात्यांची कार्यालये एकाच गावात असली, तरी त्यांचे प्रमुख वेगळे, दप्तर वेगळे आणि जबाबदारीही वेगळी. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही वेगळी जबाबदारी आणखी ठळक केली. त्यातील चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये, अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी अशी १७ बाबींची माहिती मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असते आणि ती दरवर्षी अद्ययावतही करावयाची असते. प्रसिद्धीच्या साधनांत इंटरनेटचा उल्लेख कायद्यातच आहे.

आता समजा, अशा चार-पाच कार्यालयांनी मिळून एकच सर्व्हर घेतला आणि त्यावर प्रत्येकाची पाने ठेवण्याचे ठरविले. खर्चाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. जगातील बहुतांश छोटी संकेतस्थळे अशीच एकेका यंत्रावर शेकड्यांनी नांदतात. अडचण सुरू होते ती किल्लीपाशी. सर्व्हरवर फाइली चढविण्यासाठी एकच युजरनेम आणि एकच पासवर्ड असेल, तर तो पाचही कार्यालयांतील संगणक-चालकांना, संकेतस्थळ बनवून देणाऱ्या ठेकेदाराला आणि त्याच्याकडील मुलांनाही ठाऊक होतो. एखाद्याने स्वतःचे जुने फोल्डर पुसताना शेजारच्या कार्यालयाची निविदा पुसली, तर ती कोणी पुसली हे सांगता येत नाही. निविदेची अंतिम तारीख कोणी बदलली, तर तेही कळत नाही. दप्तरात खाडाखोड झाली तर हस्ताक्षर तरी उरते. येथे पाचही जणांचे हस्ताक्षर एकच.

धानाच्या या पट्ट्यात शेताच्या प्रत्येक तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या चारही बाजूंना पाणी अडविणारे बांध असतात. पाणी सर्वांना एकाच पाटाने येत असले, तरी एकाने बांध फोडला की शेजाऱ्याचे रोप वाहून जाते. सर्व्हरची गोष्ट फारशी वेगळी नाही. यंत्र एक, जोडणी एक, परंतु प्रत्येकाची जागा बांध घालून वेगळी केलेली हवी. हे बांध नेमके कोठे घालावे लागतात आणि सर्वसाधारणपणे कोणता बांध घालायचा राहून जातो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

घराचा पत्ता

एका यंत्रावर अनेकांची खाती ही कल्पना वेबच्या आधीची. १९७०च्या दशकात विकसित झालेली युनिक्स प्रणाली मुळातच बहुवापरकर्त्यांसाठी रचलेली होती. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक, एक नाव आणि एक 'होम' म्हणजे घराचे फोल्डर, अशी तिची रचना. वेब आल्यावर सर्व्हर चालविणाऱ्या कार्यक्रमांनी याच घराचा उपयोग करून घेतला. वापरकर्त्याने आपल्या घरात 'पब्लिक एचटीएमएल' नावाचे फोल्डर तयार करायचे. त्यात ठेवलेली पाने संस्थेच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ, टिल्डचे नागमोडी चिन्ह आणि वापरकर्त्याचे नाव जोडले की जगाला दिसू लागत. विद्यापीठांतील प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची कितीतरी व्यक्तिगत पाने वर्षानुवर्षे अशीच प्रसिद्ध होत राहिली. घराच्या इतर खोल्या बंद आणि ओसरी तेवढी रस्त्याकडे उघडी, असा हा प्रकार.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सुरुवातीच्या स्वस्त खात्यांत चित्रे दिसत नसत. दिसे ते काळ्या पडद्यावरचे युनिक्स. त्यामुळे आपण एका सामायिक यंत्रावर बिऱ्हाड करून आहोत, हे त्या काळच्या ग्राहकाला निराळे सांगावे लागत नसे. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने तर जागावाटपालाच नगररचनेचे रूप दिले. विषयानुसार 'वस्त्या' आणि त्यात क्रमांकाची घरे, असा तिचा आराखडा होता. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. फुकटच्या जागेत बांधलेली असंख्य घरे त्या दिवशी एकाच वेळी पाडली गेली. जागा दुसऱ्याची असेल तर प्रत स्वतःकडे ठेवावी, हे अनेकांना तेव्हा उमगले.

नागमोडी चिन्हाचा पत्ता व्यक्तीला चालतो, कार्यालयाला शोभत नाही. प्रत्येक संस्थेला आपले स्वतंत्र नाव हवे असते. पूर्वी त्यासाठी प्रत्येक संकेतस्थळाला निराळा आयपी क्रमांक द्यावा लागे आणि ते क्रमांक मोजकेच. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीने हा पेच सोडविला. वाचकाचा ब्राउझर पान मागताना 'मला अमुक नावाच्या संकेतस्थळाचे पान हवे' असे त्या मागणीतच कळवू लागला. एकाच दारात आलेल्या टपालावर खोली क्रमांक लिहिलेला असावा, तसे. एकाच क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे ठेवणे त्यामुळे शक्य झाले. यालाच 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात आणि भाड्याने वेबजागा देण्याचा धंदा त्यावरच फोफावला.

मालक, गट आणि इतर

जागा वाटली म्हणजे ती राखली गेली असे नव्हे. युनिक्स आणि तिच्याच वळणावर घडलेल्या लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. उरलेले सगळे 'इतर'. या तिघांना वाचणे, लिहिणे आणि चालविणे अशा तीन परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १ अशी बेरीज करून त्या अंकांत लिहिण्याची प्रथा आहे. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. ७५५ हा फोल्डरांचा नेहमीचा आकडा. फोल्डरच्या बाबतीत 'चालविणे' याचा अर्थ त्यातून आत जाता येणे.

आणि मग येतो तो ७७७. म्हणजे कोणीही यावे, वाचावे, लिहावे, पुसावे. संकेतस्थळावर छायाचित्र चढत नाही, अशी तक्रार आली की अर्धवट माहितीचा तंत्रज्ञ पहिला उपाय म्हणून हाच आकडा लावतो. छायाचित्र चढते, तक्रार मिटते आणि बांध कायमचा फुटलेला राहतो. सामायिक सर्व्हरवर ७७७ लावण्याची वेळ आली, तर मालकी कोठेतरी चुकीची नोंदली गेली आहे, एवढे ओळखावे आणि ती नोंद दुरुस्त करावी.

वापरकर्त्याच्या घराचे फोल्डर 'इतरां'ना पूर्ण बंद ठेवले, तर वेब सर्व्हरलाही आत येता येत नाही. कारण तोही त्या यंत्रावरचा एक वापरकर्ताच असतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, फोल्डरला ७११ ही परवानगी द्यायची, म्हणजे इतरांना आतली यादी दिसत नाही. परंतु नेमके नाव ठाऊक असेल तर फाइलीपर्यंत पोहोचता येते. दुसरा अधिक चोख उपाय म्हणजे फोल्डरचा गट वेब सर्व्हरचा ठेवायचा आणि ७५० लावायचे. मग मालक येतो, वेब सर्व्हर येतो, शेजारी येत नाही.

फाइलींची ने-आण

आता दुसरा भाग, फाइली चढविण्याचा. त्यासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एफटीपी, अर्थात फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, या पद्धतीशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. अलाहाबादेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीत शिकलेले अभय भूषण यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा इंटरनेट जन्माला यायचे होते. त्याचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर मोजकीच यंत्रे होती आणि ती चालविणारे बव्हंशी एकमेकांना ओळखत. ऑक्टोबर १९८५ मध्ये निश्चित झालेले तिचे रूप पुढे अनेक दशके टिकले.

परस्परविश्वासाच्या त्या काळाची खूण एफटीपीवर उमटलेली आहे. ती युजरनेम आणि पासवर्ड जसाच्या तसा, उघड्या पोस्टकार्डासारखा, तारेवरून पाठविते. मधल्या कोणत्याही टप्प्यावर कान लावून बसलेल्याला तो वाचता येतो. शिवाय हुकूम एका जोडणीवरून आणि फाइल दुसऱ्या जोडणीवरून जात असल्याने सुरक्षा-भिंतीत तिच्यासाठी जादा खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

साध्या एफटीपीत आणखी एक मोकळेपणा होता. आत आलेला वापरकर्ता आपल्या घरात उतरे खरा, परंतु 'वरच्या फोल्डरमध्ये जा' हा हुकूम देऊन तो माडीवर, अंगणात, शेजाऱ्याच्या ओसरीवर असा सर्व यंत्रभर फिरू शके. परवानग्या कडक असतील तर त्याला काही उचलता येत नसे, पण कोण कोण राहते आणि कोणाच्या घरात काय आहे, याचा अंदाज तर घेता येई.

यावरचा उपाय युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आलेला 'चेंज रूट' हा हुकूम. एखाद्या कार्यक्रमाला 'हे फोल्डर म्हणजेच तुझे संपूर्ण जग' असे तो सांगतो. मग त्या फोल्डरच्या वर काही आहे, हेच त्या कार्यक्रमाला दिसत नाही. वर जाण्याचा हुकूम दिला तरी तो तेथल्या तेथेच राहतो. तंत्रज्ञ याला बोलीभाषेत 'जेल' म्हणतात. एफटीपी सर्व्हरांनी ही युक्ती उचलली. प्रोएफटीपीडी या सर्व्हरमध्ये त्यासाठी 'डिफॉल्टरूट' अशी एका ओळीची तरतूद आहे, व्हीएसएफटीपीडीमध्ये 'क्रूट लोकल यूजर'ला होकार द्यावा लागतो आणि विंडोज सर्व्हर २००३ सोबतच्या आयआयएसमध्ये 'यूजर आयसोलेशन' या नावाने हीच सोय आली.

एका ओळीचे काम म्हणून ते सोपे समजू नये. दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली ठेच, वापरकर्त्याला फाइली चढविण्यापुरताच प्रवेश द्यावयाचा, हुकूम चालविण्याचा नाही, म्हणून त्याचा 'शेल' काढून घेतला जातो. हे योग्यच. परंतु मान्य शेलांची एक यादी यंत्रात असते आणि त्या यादीत नसलेला शेल दिसला, की अनेक एफटीपी सर्व्हर त्या वापरकर्त्याला दारातूनच परत पाठवितात. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाही, या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा येथे सापडते.

दुसरी ठेच जेलच्या जमिनीची. वापरकर्त्याला ज्या फोल्डरात कोंडले, त्या सर्वांत वरच्या फोल्डरवर त्यालाच लिहिण्याची मुभा असेल, तर तेथे प्रणालीच्या फाइलींसारख्या दिसणाऱ्या खोट्या फाइली ठेवून सर्व्हरला फसविण्याची शक्यता उरते. म्हणून व्हीएसएफटीपीडीने आपल्या २.३.५ या आवृत्तीपासून अशा वापरकर्त्याला प्रवेश देण्यासच नकार दिला. त्यामुळे अनेक ठिकाणची चालू व्यवस्था सर्व्हर अद्ययावत करताच ठप्प झाली आणि ती चालू करण्यासाठी बऱ्याच जणांनी ही तपासणीच बंद ठेवण्याची सोय वापरली. योग्य मार्ग निराळा आहे. वरचे फोल्डर प्रशासकाच्या मालकीचे ठेवावे, त्यात वापरकर्त्याला लिहिता येऊ नये. त्याच्या आत पानांसाठी एक फोल्डर करून तेवढे त्याच्या मालकीचे करावे.

ज्या सर्व्हरच्या नावातच 'अतिसुरक्षित' हा शब्द आहे, त्या व्हीएसएफटीपीडीच्या बाबतीत जुलै २०११ मध्ये घडलेला प्रकारही नोंदण्यासारखा. त्याच्या २.३.४ आवृत्तीच्या वितरणासाठी ठेवलेल्या प्रतीत कोणीतरी चोरदरवाजा घुसविला होता. युजरनेममध्ये हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह टंकित केले, की यंत्राचा पूर्ण ताबा देणारी एक गुप्त खिडकी उघडे. बनाव लवकरच उघडकीस आला. चूक मूळ कार्यक्रमाची नव्हती. सही न तपासता प्रत उतरवून घेणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

बंद लिफाफा

उघड्या पोस्टकार्डाचे तोटे २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसले. 'गंबलार' नावाच्या दुष्ट कार्यक्रमाने त्या वर्षी लोकांच्या घरच्या व कार्यालयीन संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड चोरले आणि ते वापरून त्यांच्याच संकेतस्थळांच्या पानांत विषारी ओळी घातल्या. त्या पानांना भेट देणाऱ्यांचे संगणक दूषित झाले आणि त्यांच्याकडचे पासवर्ड पुढच्या संकेतस्थळांसाठी उपयोगी पडले. पाच कार्यालयांचा एकच पासवर्ड असता, तर एका संगणकावरील चोरीने पाचही संकेतस्थळे गेली असती. स्वतंत्र खात्यांचा फायदा येथे उघड दिसतो, एकाचे नुकसान एकापुरतेच राहते.

आज या कामासाठी एसएफटीपी वापरावे, याविषयी जाणकारांत मतभेद उरलेला नाही. नावात साम्य असले तरी ही एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे. एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या आत चालणारी ती निराळीच पद्धत आहे; पासवर्ड आणि फाइल दोन्ही एकाच बंद लिफाफ्यातून जातात. बहुतेक लिनक्स यंत्रांवर असणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये २००८ पासून वापरकर्त्याला कोंडण्याची सोय अंगभूत आहे. ज्यांना फक्त फाइली चढवायच्या आहेत अशांचा एक गट करायचा आणि त्या गटाला 'चेंज रूट' लावून एसएफटीपीखेरीज काहीही चालविता येणार नाही अशी नोंद करायची, एवढे पुरते. जेलचे फोल्डर आणि त्याच्या वरची सर्व फोल्डरे प्रशासकाच्याच मालकीची असावीत, हा दंडक येथे पहिल्यापासून आहे आणि त्यातून सूट मिळत नाही. पासवर्डऐवजी किल्लीच्या जोडीचा वापर केला, तर चोरण्यासारखा शब्दच उरत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या प्रमुख ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला.

राहून जाणारा बांध

येथवरचे सारे नीट केले, म्हणजे काम झाले अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्ड वेगळा, प्रत्येक जण आपापल्या फोल्डरात बंद. प्रत्यक्षात बंदोबस्त झालेला असतो तो फक्त मागच्या दाराचा, ज्यातून फाइली आत येतात. पुढचे दार, ज्यातून पाने बाहेर जातात, ते वेब सर्व्हरच्या ताब्यात असते. आणि तो कोणत्याही जेलमध्ये नसतो.

पान साधे असेल तर बिघडत नाही. परंतु आजची बहुतेक संकेतस्थळे पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमांवर चालतात. असा कार्यक्रम वापरकर्त्याने चढविलेला असला, तरी जुन्या मांडणीत तो चालतो वेब सर्व्हरच्या नावाने. वेब सर्व्हरला सर्वांच्या फोल्डरांत वाचण्याची मुभा आहे, हे वर आलेच आहे. म्हणजे पहिल्या कार्यालयाच्या खात्यातून चढविलेला चार ओळींचा कार्यक्रम दुसऱ्या कार्यालयाच्या फोल्डरातील फाइल उघडून दाखवू शकतो. आणि त्या फाइलींत डेटाबेसचा पासवर्ड लिहून ठेवलेली फाइलही असते. एसएफटीपीने ज्याला चार भिंतींत कोंडले, तोच पुढच्या दाराने सर्व वाडा फिरून येतो.

आणखी एक वाट आहे, 'सिम्बॉलिक लिंक' या नावाची. एका फाइलीच्या जागी दुसऱ्या फाइलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवणे, असे तिचे स्वरूप. जेलमधल्या वापरकर्त्याने शेजाऱ्याच्या गुप्त फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिलेली चिठ्ठी आपल्या फोल्डरात ठेवली, तर त्याला स्वतःला ती उघडता येत नाही, कारण त्याच्या जगात तो पत्ताच नाही. वेब सर्व्हरच्या जगात मात्र तो आहे. ब्राउझरमधून ती चिठ्ठी मागितली, की सर्व्हर इमानेइतबारे पत्त्यावर जाऊन फाइल आणून देतो. सामायिक सर्व्हरवरील शेजारधर्म मोडण्याचा हा जुना आणि परिचित मार्ग. अपाचेमध्ये यासाठी चिठ्ठी आणि तिने दाखविलेली फाइल यांचा मालक एकच असेल तरच ती मानावी, असा निर्बंध घालता येतो. तपासणी आणि उघडणे यांमधील क्षणाचा फायदा घेऊन तो चुकविता येतो, असे अपाचेचीच माहितीपुस्तिका बजावते. म्हणून केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

पीएचपीने मध्यंतरी 'सेफ मोड' नावाचा तोडगा दिला होता. नावाने निर्माण केलेला विश्वास त्याला पेलवला नाही आणि २०१२ मधील ५.४ या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. टिकला तो सरळ विचार, ज्याचा कार्यक्रम त्याच्याच नावाने चालवावा. अपाचेच्या १.२ आवृत्तीपासून असलेली 'सुएक्झेक' ही सोय याच तत्त्वावर उभी आहे. पीएचपीसाठी आज एफपीएम ही व्यवस्था वापरतात, जी २०१० मध्ये पीएचपीच्या मूळ वितरणात समाविष्ट झाली. प्रत्येक संकेतस्थळासाठी तीत स्वतंत्र 'पूल' करता येतो आणि तो त्या-त्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. मग पहिल्या कार्यालयाच्या कार्यक्रमाने दुसऱ्याची फाइल मागितली, तर प्रणालीच 'परवानगी नाही' असे उत्तर देते. छायाचित्रे चढविण्यासाठी ७७७ लावण्याची गरजही त्याबरोबरच संपते, कारण लिहिणारा आणि मालक आता एकच असतो.

जागा देणाऱ्या कंपनीची निवड करताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा की, प्रत्येक खात्याचे पीएचपी कोणाच्या नावाने चालते? किती जीबी जागा मिळणार, हा प्रश्न नंतरचा. ठेकेदाराला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

मोजमाप आणि रोजनामा

जागेची मर्यादा, म्हणजे 'कोटा', ही त्यामानाने साधी गोष्ट. एका वापरकर्त्याने लग्नसमारंभाच्या चित्रफिती चढवून डिस्क भरली, तर सर्वांचीच पाने अद्ययावत होणे थांबते. म्हणून प्रत्येकाला आकडा ठरवून द्यावा. डिस्कच्या जागेइतकेच फाइलींच्या संख्येवरही बंधन घालता येते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. लक्षावधी बारीक फाइलींनीही यंत्र बंद पडू शकते.

नोंदींचे मात्र तसे नाही. कोण केव्हा आत आला, कोणती फाइल चढविली, कोणती पुसली याचा रोजनामा प्रत्येक खात्याच्या नावाने ठेवला तरच खाती वेगळी केल्याचा उपयोग. एसएफटीपीच्या बाबतीत ही नोंद आपोआप होत नाही, तपशिलाची पातळी वाढवून ती सुरू करावी लागते. आणि कोंडलेल्या वापरकर्त्यांच्या नोंदी जेलबाहेर याव्यात अशी तजवीज जुन्या यंत्रांवर निराळी करावी लागते. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सेवा पुरविणाऱ्यांनी अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि ठरवून दिलेल्या प्रकारचे सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळविलेली असावीत, असेही त्यात म्हटले आहे. हा आग्रह किरकोळ वाटेल. परंतु दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा मिनिटांचे अंतर असेल, तर फाइल आधी बदलली की पासवर्ड आधी चोरला गेला, हे ठरविता येत नाही.

फाइलीविना संकेतस्थळ

शासकीय संकेतस्थळांपुरते हे चित्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. भंडारा जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ आज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या सामायिक व्यवस्थेवर चालते. देशातील इतर अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळेही त्याच साच्यातली. तेथे फाइल चढविण्यासाठी सर्व्हरमध्ये उतरावे लागत नाही. ब्राउझरमधूनच मजकूर भरला जातो. वाटणी फोल्डरांची न राहता भूमिकांची होते. एक जण मजकूर तयार करतो, दुसरा तो तपासून प्रसिद्ध करतो. बांध घालण्याचे काम दिल्लीतील तज्ज्ञ करतात. तालुक्याच्या संगणक-चालकाला ७५० आणि ७७७ यांतला फरक ठाऊक असण्याची गरज उरत नाही. एकच लॉगिन तिघांनी वापरण्याची सवय मात्र कोणत्याही नव्या व्यवस्थेत तशीच चालू राहू शकते, हे सांगायला हवे.

महाविद्यालये, पतसंस्था, ग्रंथालये, छोटे उत्पादक यांना ही शासकीय छत्री नाही. कोसा कापडासाठी ओळखले जाणारे आंधळगाव मोहाडी तालुक्यातच आहे. अशा गावातील विणकरांनी एकत्र येऊन संकेतस्थळ काढावयाचे आणि प्रत्येकाने आपल्या मालाची छायाचित्रे स्वतः चढवावयाची ठरविले, तर त्यांच्यापुढे हाच प्रश्न नव्याने उभा राहील. भाड्याच्या जागेत मिळणाऱ्या नियंत्रण-फलकावर मुख्य खात्याखाली उपखाती काढता येतात आणि प्रत्येक उपखाते एकेका फोल्डरापुरते बांधून देता येते. एक खबरदारी येथे घ्यावी. ही उपखाती बहुधा प्रणालीच्या दृष्टीने एकाच मालकाची असतात. फाइली चढविताना त्यांच्यात भिंत असते, पण एखाद्याला पीएचपी कार्यक्रम चढविता येत असेल, तर ती भिंत कागदाची. छायाचित्रांच्या फोल्डरात कोणताही कार्यक्रम चालू नये, अशी नोंद सर्व्हरवर करून ठेवणे हा त्यावरचा उपाय.

बदली झाल्यावर

खाते काढण्याइतकेच ते बंद करण्याचे काम महत्त्वाचे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. कर्मचाऱ्याची बदली होते, ठेकेदाराची मुदत संपते. कपाटाच्या किल्ल्या सोपविल्याची पावती होते, पासवर्डची होत नाही. कार्यमुक्त होण्याच्या दिवशीच पासवर्ड बदलणे, जुनी किल्ली काढून टाकणे आणि त्या खात्याच्या नावाने ठरावीक वेळी आपोआप चालणारे कार्यक्रम थांबविणे, ही तीन कामे एकत्र करावीत. पासवर्ड बदलला आणि किल्ली तशीच ठेवली, तर जुना माणूस पूर्वीइतकाच आत येऊ शकतो.

खाते मात्र लगेच पुसू नये. लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव लिहीत नाही, त्याचा क्रमांक लिहिते. खाते पुसले, फाइली राहिल्या आणि काही महिन्यांनी नव्या माणसाचे खाते काढताना तोच क्रमांक त्याला मिळाला, तर जुन्या माणसाच्या सर्व फाइली कोणी न देता नव्याच्या मालकीच्या होतात. म्हणून जाणते प्रशासक आधी खाते कुलूपबंद करतात, त्यातील फाइलींची मालकी कार्यालयाच्या कायम खात्याकडे वळवितात, यंत्रभर त्या क्रमांकाच्या नावावर काही उरले आहे का हे शोधून पाहतात आणि मगच ते खाते काढतात. शोधात बहुधा काहीतरी सापडतेच, एखादी तात्पुरती म्हणून ठेवलेली प्रत, किंवा दोन वर्षांपूर्वीची लाभार्थ्यांची यादी.